मुलांचा कॅन्सर बघायचा की जनुकांवर संशोधन करायचं?

तुम्ही विचारलंय की लहान मुलांच्या कॅन्सरचा डॉक्टर होऊन जनुकांवर संशोधनही करता येतं का, की एकावर पाणी सोडावं लागतं. मी दोन्ही करतो. दमछाक होते, पण मला ही दोन कामं वेगळी वाटतच नाहीत.

अल्फ्रेड नुडसन यांचं बघा. आधी बालरोगतज्ज्ञ, मग 1956 मध्ये पीएचडी. ह्यूस्टनला असताना त्यांनी रेटिनोब्लास्टोमाच्या, म्हणजे बाळांच्या डोळ्याच्या पडद्यात होणाऱ्या गाठीच्या, 48 मुलांच्या नोंदी घेतल्या आणि हिशेब मांडला. दोन्ही डोळ्यांत गाठी असलेल्यांचं निदान लहान वयात झालं होतं, एकाच डोळ्यात असलेल्यांचं त्या मानाने उशिरा. 1971 मध्ये त्यांनी कारण सुचवलं: गाठ व्हायला दोन धक्के लागतात. आज आपण ते असं समजतो की जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. एक प्रत जन्मतःच बिघडलेली असेल, तर पडद्यातल्या कुठल्याही पेशीला आणखी एकच धक्का पुरतो. बाकीच्या मुलांत दोन्ही धक्के एकाच पेशीला बसावे लागतात, म्हणून वेळ जातो. जनुक कोणतं हे तेव्हा माहीत नव्हतं. तेराव्या गुणसूत्रावरचं ते आरबी1 हाती लागलं 1986 मध्ये.

हा हिशेब मी रोज वापरतो. बाळाच्या रक्ततपासणीत आरबी1 मधला बिघाड सापडला की पुढच्या भावंडात नेमका तोच शोधता येतो. नसला, तर त्या भावंडाला भूल देऊन पुन्हा पुन्हा डोळे तपासायची गरज उरत नाही. असला, तर पहिल्या आठवड्यांपासून लक्ष ठेवायचं. गाठ बारीक असतानाच लेझरने जाळता येते, डोळा वाचतो. (गाठ एकाच डोळ्यात असली तरी तपासणी करतोच, कारण त्यातल्याही काहींत बिघाड जन्मजात असतो.)

अडचण वेळेची आहे. शिक्षणातच पंधराएक वर्षं जातात: वैद्यकीय पदवी, बालरोग, मग कॅन्सरचं प्रशिक्षण, वर पीएचडी. पुढेही केमो चालू असलेल्या, पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाला ताप आला की हातातला प्रयोग टाकून धावावंच लागतं, तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. म्हणून नोकरी घेताना पगाराआधी हे विचारा: आठवड्यातले किती दिवस फक्त संशोधनाचे, आणि त्या दिवशी वॉर्ड कोण सांभाळणार? उत्तर लेखी घ्या. पहिल्या नोकरीत मी ते तोंडी घेतलं, आणि दोन वर्षांत प्रयोगशाळेत जेमतेम काही आठवडे बसलो.