कात, कातडी आणि उदकधरा

प्रश्न असा आहे की माणसाच्या अंगावरून वरची मेलेली त्वचा निघून जाते तिला 'कात' म्हणावं का, आणि 'आपली त्वचा दर महिन्याला कात टाकते' हे वाक्य चालेल का.

नाही चालणार. कात सापाची, ती अख्खी उतरते. आपली रोज कणाकणाने झडते, डोक्यावरून झडली तर तिला कोंडा म्हणतो, बाकीची तर दिसतही नाही. स्क्रबच्या व्हिडिओंमधलं 'कात टाका, डेड स्किन घासून काढा' ऐकून कान किटलेत. डेड म्हणजे कचरा हे कुणी ठरवलं? सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचाच असतो, चपट्या पेशींचे १५-२० पदर, प्रत्येक पेशी केरॅटिन नावाच्या चिवट प्रथिनाने गच्च भरलेली, आणि मधल्या फटींत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल वगैरे चरबी. पेशी तळाशी जन्मते, वर सरकता सरकता मरते आणि मेल्यावरच तिचं खरं काम सुरू होतं. तळहात-तळपाय सोडले तर बहुतेक अंगावर हा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापेक्षाही पातळ, आणि त्यालाच लोक खसाखसा घासतात!

आता शब्दाकडे. कात आणि कातडी दोन्ही संस्कृत 'कृत्ति'वरून, म्हणजे कातडं, म्हणून शंकर कृत्तिवास. धातू कृत्, कापणे. डॉक्टरांचा 'एपिडर्मिस' बघा, म्हणजे त्वचेचा वरचा भाग, बाह्यत्वचा, त्यातला ग्रीक 'डर्मा' हा सोलणे या अर्थाच्या धातूपासून आलेला आणि त्याचा आपल्याकडचा भाऊ दॄ, फाडणे. त्यावरून 'दृति', पाण्याची कातडी पिशवी. मनुस्मृतीत आहे की एक जरी इंद्रिय गळू लागलं तरी त्यातून प्रज्ञा गळते, 'दृतेः पादादिवोदकम्', पखालीच्या पायातून पाणी गळावं तशी.

म्हणजे बघा, कापलेली, सोललेली, फाडलेली. माझं ठाम मत आहे की ही सगळी नावं जनावर मेल्यावर ज्यांच्या हातात कातडं आलं त्यांनी ठेवलीत, जिवंत अंगावर ते काय करतं याचा त्यांत पत्ताच नाही.

तो पत्ता एका शब्दात आहे. चरकसंहितेत शारीरस्थानात त्वचेचे सहा थर सांगितलेत, त्यातला सगळ्यात बाहेरचा 'उदकधरा'. पाणी धरून ठेवणारी! बाहेरचे जंतू आणि केमिकल अडवणं हे त्या थराचं काम आहेच पण आतलं पाणी उडू न देणं हे तितकंच मोठं, माणूस खूप भाजला की अंगातलं पाणी भराभर जातं त्याचं एक कारण हा थर गेलेला असतो. (घाम वेगळा, त्याला स्वतःच्या वाटा आहेत.)

यावर काहीजण लगेच सांगतात की इथे उदक म्हणजे नुसती लस, फोडातून येते ती. त्यांनी त्याच अध्यायात पुढे वाचावं. शरीरात उदक दहा ओंजळी असं सांगून चरक म्हणतो की ते सगळ्या शरीरात फिरतं आणि त्याला 'बाह्या त्वग्बिभर्ति', बाहेरची त्वचा धारण करते, आणि तेच उदक त्वचेखाली जखमेत असलं की लसीका, उष्णतेने रोमरंध्रांतून बाहेर पडलं की स्वेद. लस हा उदकाचा एक प्रकार झाला, अख्खा अर्थ कुठून झाला?

आणि आयुर्वेदाच्या पाठ्यपुस्तकवाल्यांचंही मला पटत नाही. ते सुश्रुताच्या सात थरांतली पहिली 'अवभासिनी' घेतात आणि हाच तो वरचा मेलेला थर म्हणून जोडी लावून मोकळे होतात. अवभासिनी म्हणजे वर्ण उजळून दाखवणारी, आणि रंग बनवणाऱ्या पेशी तर बाह्यत्वचेच्या पार तळाशी बसलेल्या. 'बाह्यत्वचा' शब्दाबद्दल तक्रार नाही, ती सगळ्या एपिडर्मिसला ठेवा. पण त्यातल्या सगळ्यात वरच्या थराला मराठीत नाव द्यायचं असेल तर उदकधराच द्या.