नव्याने रुजू झालेल्या तलाठ्यास

सज्जाचा, म्हणजे आपल्याकडे सोपवलेल्या गावांचा, कार्यभार घेतल्याबद्दल आपले अभिनंदन. कायदा आणि नमुने आपण प्रशिक्षणात शिकला आहात. माणसे मात्र दप्तरासमोरच कळतात, आणि त्यातही वारस नोंदीच्या वेळी सर्वाधिक. वडिलांचे तेरावे होताच भाऊ अर्ज घेऊन येतात आणि त्यात बहिणींची नावे अनेकदा नसतात. त्यामागे नेहमी लबाडीच असते असे समजू नका. ‘तिचे लग्न करून दिले, आता तिचे इथे काय’ हा समज कित्येकांच्या मनात प्रामाणिकपणे रुजलेला असतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आहे, हे त्यांना शांतपणे सांगा आणि सर्व वारसांची नावे घेतल्याशिवाय नोंद धरू नका.

हक्कसोडीचा, म्हणजे बहिणीने आपला हिस्सा सोडून देण्याचा, विषय निघाल्यास हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते, एवढेच सांगून थांबू नये. माहेर तुटेल या भीतीने बहीण मान खाली घालून ‘दादा म्हणेल तसं’ म्हणते, तेव्हा दोन मिनिटे तिच्याशी स्वतंत्रपणे बोलावे. निर्णय तिचाच राहील, पण तो तिने समजून घेतलेला असेल. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या दप्तरातील नावे बदलण्याच्या नोंदीची, नोटीसही चावडीवर चिकटवून मोकळे न होता, सासरी असलेल्या बहिणीच्या हाती खरोखर पडली की नाही याची खात्री करा, कारण हरकतीचे पंधरा दिवस तिच्यासाठीही असतात.