वाचक विचारतात : चाचणीत डावललेलं पोरगं

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा, जन्म नोव्हेंबरचा. जिल्ह्याच्या हॉकी निवड चाचणीत ‘अंगानं कमी पडतो’ म्हणून वगळला. आइस हॉकीच्या ड्राफ्टमध्ये (संघ नवी पोरं पाळीपाळीनं निवडतात त्यात) म्हणे शेवटी उचललेली पोरंही पुढं मोठी होतात. हे नशीबच ना?
– एक पालक, मिरज

उत्तर : नशीब थोडं असतंच. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या १९९९ च्या ड्राफ्टमध्ये पहिला उचलला पॅट्रिक स्टेफान. हेन्रिक झेटरबर्ग २१०वा. स्टेफानचे ४५५ सामन्यांत ६४ गोल झाले, झेटरबर्गचे कारकिर्दीत ३३७. पण झेटरबर्गला लगेच अमेरिकेत नेलं नाही. तो तीन वर्षं स्वीडनमध्येच टिम्रो क्लबकडून खेळला आणि २००२ मध्ये एनएचएलच्या डेट्रॉइट संघात गेला. तेवढ्यात अंग भरलं, मोठ्यांचे धक्के खाऊन झाले.

तुमच्याकडं आधी जन्ममहिना बघा. वयोगट ठरवायची कटऑफ तारीख १ जानेवारीची असेल, तर त्याच गटातलं जानेवारीचं पोरगं दहा महिन्यांनी थोरलं. या वयात वर्षाला ९-१० सेंटिमीटर उंची वाढू शकते, म्हणजे हा फरक लहान नाही. दर तीन महिन्यांनी सकाळी, अनवाणी, भिंतीला टाचा लावून उंची मोजा. ती झपाट्यानं वाढायला लागली की दोन गोष्टी होतात. गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखतं. तेव्हा धावणं-उड्या कमी करा, दुखणं हटलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. आणि चेंडू अडेनासा होतो. लगेच ‘खेळ बिघडला’ म्हणू नका, हातपाय लांबलेत, अंदाज बसायला वेळ लागतो. नेमकी याच वेळी कौतुकानं जड स्टिक आणली जाते. नका आणू. मनगटाला ती पेलत नाही, मग पोरगं खांद्यानं मारायला लागतं आणि ती खोड जाता जात नाही.

प्रश्न : जवळ टर्फ नाही, पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो. सराव कुठं करायचा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : शहाबादी फरशीवर. खडबडीत मैदानापेक्षा तिथं चेंडू सरळ आणि वेगानं येतो. भिंतीला जाड फळी टेकवा, चार मीटरवरून पुश (स्टिक चेंडूला टेकवून ढकलायचा फटका) मारा. रोज २० चेंडू रिव्हर्सवर, म्हणजे डाव्या बाजूला स्टिक उलटी करून घ्या; किती जागच्या जागी थांबले तो आकडा कॅलेंडरवर लिहा. स्टिकच्या गोल बाजूनं चेंडू खेळता येत नाही, म्हणून रिव्हर्सला स्टिक उलटी फिरवावीच लागते. ती फिरवतो डावा हात. उजव्या मुठीत ती नळीतल्यासारखी सैल फिरली पाहिजे. चेंडू उसळून पुढं जात असेल, तर बहुधा उजवी मूठच आवळलेली असते.