त्रिकोण शिकवला, पण ॲसिडच्या कॅनवर त्रिकोण नसतो

भाऊ, तुमच्या बियाणे प्रक्रिया युनिटमधल्या हंगामी मजुरांना प्रशिक्षण देऊनही डब्यांवरची धोक्याची चिन्हं कळत नाहीत, हे वाचलं आणि राहवलं नाही. वाशीम जिल्ह्यात आमचंही सोयाबीन-हरभऱ्याचं असंच युनिट आहे. हातमोजे, मास्क, कुलूपबंद कपाट हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देतो.

आमच्याकडे प्रशिक्षण एका कार्यालयामार्फत झालं, नाव घेत नाही. इंग्रजी स्लाइड भराभर सरकल्या. मजुरांच्या लक्षात राहिला तो फक्त कीटकनाशकाच्या डब्यावरचा चौकोन, ज्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग पाहायचा: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हजेरीपत्रकावर सह्या-अंगठे घेतले, फोटो काढला, साहेब गेले.

पुढं हंगामाआधी टाकी धुताना एका पोरानं ॲसिडवर ब्लीचिंग पावडर टाकली. क्लोरीन वायू निघाला. खोकून खोकून बेजार झाला, अकोल्याला न्यावं लागलं. वाचला, पण ओझं उचलताना त्याला अजून दम लागतो. विचारलं तर म्हणे, "कॅनवर तिरकोनच नोयता न जी, मंग जहर कसं राह्यीन?" त्याला जेवढं शिकवलं होतं तेवढ्यावरून तो बरोबरच बोलत होता. त्या कार्यालयात जाऊन हे सांगितलं, मराठीतून पुन्हा शिकवा म्हणून विनंती केली, तर उत्तर मिळालं, "सह्या आहेत ना? मग प्रशिक्षण झालेलं आहे." तो कागद मजुरासाठी नव्हताच, फायलीसाठी होता. आजही आठवलं की संताप येतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की चिन्हांच्या दोन्ही पद्धती, कीटकनाशकाचा रंगीत त्रिकोण आणि इतर रसायनांवरची चित्रं, शेजारी-शेजारी ठेवूनच शिकवा. रंगीत त्रिकोण कीटकनाशक नियमांतला आहे आणि तो फक्त विषारीपणा सांगतो. लाल म्हणजे शरीराच्या दर किलो वजनामागे 50 मिलीग्रॅमपर्यंतची तोंडावाटे मात्रा प्रयोगातले निम्मे प्राणी मारते; हिरव्यात हाच आकडा 5000 च्या वर. म्हणजे हिरवंही विषच, फक्त मात्रा जास्त लागते; म्हणून "हिरवं म्हणजे चालते" ही समजूत आधी मोडा. 2017 साली यवतमाळात फवारणी करताना विषबाधेनं माणसं गेली, त्यातल्या कोणी औषध प्यायलं नव्हतं. ते श्वासातून आणि कातडीतूनही आत जातं.

ॲसिड, थिनर, डिझेल यांची चिन्हं वेगळी: लाल किनारीच्या चौकोनात काळं चित्र. तिथं किनार नेहमी लालच, म्हणून रंगावरून काही ठरत नाही, चित्रच वाचावं लागतं. हातावर थेंब पडणारं चित्र आमच्या एका बाईंनी "हात धुवाचं औषध" असं वाचलं होतं. ते कातडी जाळणाऱ्या द्रव्याचं आहे. म्हणून खरे (रिकामे, धुतलेले) कॅन समोर ठेवा आणि "हे काय आहे?" असं विचारू नका. "हे अंगावर सांडलं तर काय करशील, कशाजवळ ठेवणार नाहीस?" असं विचारा. उत्तर त्यांच्या बोलीत येऊ द्या. सह्या नंतर.

पुरवठादाराकडून प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक मागा. त्यात 16 भाग असतात. चौथा प्रथमोपचाराचा, दहावा कशात मिसळू नये याचा. हे दोनच भाग मोठ्या मराठी अक्षरांत भिंतीवर लावा, बाकीचं फायलीत राहू द्या. मी डॉक्टर नाही, सेफ्टी ऑफिसरही नाही. बाधा झालीच तर माणूस मोकळ्या हवेत आणा आणि डबा किंवा त्याचं लेबल घेऊन थेट दवाखाना गाठा.

पाण्याच्या बाटलीत काहीही ओतून ठेवू देऊ नका. बाटलीवर लेबलच नसेल तर शिकवलेलं सगळं वाया. आणि बीजप्रक्रिया केलेल्या (विषारी औषध चोळलेल्या) बियाण्याची रिकामी पोती मजूर घरी नेतात, त्यात गहू-तूर भरतात. ती पोती रिकामी झाली की लगेच फाडून टाका. मागायला आले तर सरळ नवं पोतं द्या, ते स्वस्त पडतं.