जहाजावरची लाइफ राफ्ट ऐनवेळी चालेल, याची खात्री कशी करतात?

२०२१ च्या तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ बार्ज, म्हणजे कामगारांच्या राहण्याचं सपाट तळाचं जहाज, बुडाला, तेव्हा राफ्ट, म्हणजे जीव वाचवायचे फुगणारे तराफे, पंक्चर होत्या असं बचावलेल्यांनी सांगितलं. ते वाचून तुम्ही विचारताय, की हे आधी कळत कसं नाही? त्या बार्जबद्दल मी बोलणार नाही, तिथे मी नव्हतो. मालवाहू जहाजांवर थर्ड ऑफिसर असताना राफ्ट माझ्या गळ्यात असायच्या, तेवढ्यापुरतं सांगतो.

राफ्ट जहाजावर उघडून बघता येत नाही. ती फायबरग्लासच्या बंद डब्यात घडी करून ठेवलेली असते. म्हणून दर १२ महिन्यांनी ती मान्यताप्राप्त सर्व्हिस स्टेशनला जाते. तिथे फुगवून हवा टिकते का बघतात, गॅसची बाटली तपासतात, मुदत संपलेले फ्लेअर (मदतीच्या इशाऱ्याचे जळते दिवे), पाणी, औषधं बदलतात. त्यांनी काम नुसतं उरकलं असेल तर बाहेरून ओळखायला मार्ग नाही. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच, आणि ते मलाही आवडत नाही.

आपल्या हातात असतं ते बांधणं, आणि घोळ जास्त करून तिथेच सापडतात. राफ्ट टाकायला वेळच मिळाला नाही आणि जहाज बुडालं, तर दीड ते चार मीटर खोलीवर एचआरयू (हायड्रोस्टॅटिक रिलीज युनिट) हे छोटं उपकरण पाण्याच्या दाबाने डब्याला धरून ठेवणारा पट्टा सोडवतं. डबा वर येतो, पेंटर म्हणजे दोर ताणला जातो, गॅस सुटतो, राफ्ट फुगते आणि शेवटी वीक लिंक, म्हणजे मुद्दाम कमजोर ठेवलेला जोड, तुटून ती जहाजापासून सुटते. त्यामुळे पेंटरचं टोक वीक लिंकलाच हवं. कुणीतरी ‘पक्कं असू दे’ म्हणून ते थेट डेकवरच्या कडीला बांधतो. मग फुगलेली राफ्ट जहाजाबरोबर खाली जाते. टोक कुठेच बांधलेलं नसेल तर डबा न फुगता तरंगत निघून जातो. वादळाच्या भीतीने वरून मारलेला जादा दोर, रंगाच्या ब्रशखाली आलेलं एचआरयू, हेही पाहिलंय. एकदा वापरून टाकायचं एचआरयू बसवल्यापासून दोन वर्षं चालतं. महिना-वर्ष त्याच्यावरच खूण केलेलं असतं.

सामानाचं म्हणाल, तर लांबच्या सफरीच्या राफ्टमध्ये माणशी दीड लिटर पाणी आणि १०,००० किलोज्यूल खाणं, म्हणजे जेमतेम एका दिवसाच्या जेवणाइतकं. शिवाय ४ रॉकेट फ्लेअर, ६ हातात धरायचे, २ धुराचे डबे, नांगरासारखा ओढ धरणारा कापडी सी अँकर, आरसा, शिट्टी, गळ. यातली लोक विसरतात ती वस्तू म्हणजे उलटीच्या गोळ्या. राफ्ट इतकी हेलकावते की मुरलेले खलाशीही ओकतात आणि अंगातलं पाणी जातं, म्हणून आत चढल्या चढल्या गोळी घ्यायची. ईपर्ब (उपग्रहाला मदतीचा संदेश देणारं यंत्र) आणि सार्ट (शोधणाऱ्यांच्या रडारवर आपली जागा दाखवणारं यंत्र) साधारणपणे डब्यात नसतात, ते जाताना उचलून न्यावे लागतात; कोण नेणार हे आधीच ठरलेलं असतं.

तुमचा भाऊ ऑफशोअरला, म्हणजे भर समुद्रातल्या कामावर आहे म्हणता. त्याला सांगा, चढल्या दिवशीच राफ्टची आणि एचआरयूची तारीख बघ, पेंटर कुठे बांधलाय ते बघ. काही खटकलं तर सेफ्टी ऑफिसरला लेखी कळव, नुसतं तोंडी नको.