समेट मागितला कुणी?

प्रिय मुली,

परवा फोनवर, तुझ्या समितीकडे आलेल्या लैंगिक छळाच्या त्या तक्रारीबद्दल तू म्हणालीस, "ताई, तिलाच मिटवायचंय, मग आपण कोण अडवणार?" मी जरा चढ्या आवाजात बोलले. राग तुझ्यावर नव्हता. तिचं नाव तू सांगितलं नाहीस हे बरं केलंस, सांगूही नकोस.

पण तिला मिटवायचंय हे तुला सांगितलं कुणी? तिने, की ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या तिच्या वरिष्ठाशी बोलून आलेल्या एचआरच्या साहेबांनी? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं दहावं कलम पुन्हा वाच. समेट होऊ शकतो, पण चौकशी सुरू होण्याआधी आणि तक्रारदार बाईने विनंती केली तरच. समितीने सुचवला, तर ती विनंती राहत नाही.

तिने खरंच मागितला, तर मात्र आडवी येऊ नकोस. नव्वद दिवसांपर्यंत चालणारी चौकशी, साक्षी, कॅन्टीनमधल्या नजरा हे सगळं तिने सोसायचं आहे, आपण नाही. पुढच्या मुलींसाठी लढ, असं तिला सांगण्याचा हक्क आपल्याला नाही. माणूस मोकळा सुटतोय हे मलाही सलतं, तरी नाही.

२०१४ ची गोष्ट. मी एका समितीवर बाहेरची सदस्य होते. समोरची मुलगी रडून थकली होती. मीच म्हटलं, "लेखी माफी घेऊन मिटवू या का?" ती टेबलाकडे बघत म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." मी लिहिलं, 'तक्रारदाराच्या विनंतीवरून.' माफीचं पत्र आलं, फाईल बंद झाली. तो तिचा वरिष्ठ होता तसाच राहिला. हळूहळू त्याने तिला काम देणं थांबवलं आणि पाच महिन्यांत ती गेली. समेटाची अट मोडली की चौकशी उघडता येते, पण मी माफीपलीकडे अटच घातली नव्हती. मोडणार काय?

मी तिचा त्रास वाचवत होते, असं आजही स्वतःला सांगते. ते खोटं नाही. आधीच्या चौकश्यांत बायकांना काय काय विचारलं जातं ते मी ऐकलं होतं. पण तिने मागितला नव्हता. मी मागितला होता.

आणि ते 'तीन महिन्यांचा जादा पगार आणि राजीनामा' प्रकरण समेट म्हणून मांडूच देऊ नकोस. पैसे हा समेटाचा आधार होऊ शकत नाही, असं त्याच कलमात लिहिलंय. आरोप सिद्ध झाल्यावर समिती भरपाईची शिफारस करते ती वेगळी, गप्प बसण्याची किंमत वेगळी. साहेबांना हे कळत नाही असं समजू नकोस.

राजस्थानात बालविवाह अडवला म्हणून ज्यांच्यावर बलात्कार झाला, त्या भंवरीदेवींच्या १९९२ च्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल आला, कामाच्या ठिकाणी अशी तक्रार समिती हवी असं सांगणारा. त्यानंतर सोळा वर्षांनी कायदा. बाईचं ऐकून घेणारी एक खोली मिळायला एवढा काळ गेला. तिथे बसून आपणच तिच्या तोंडी शब्द घालायचे?

गुरुवारी एचआरला बाहेर ठेवून तिच्याशी बोल. चौकशी चालू असताना तिची किंवा त्याची बदली मागता येते, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, हे आधी सांग. मग विचार. मिटवा म्हणाली, तर अर्ज तिच्याच शब्दांत घे, आणि त्याच्या हाताखाली काम करायचं नसेल तर ती अट म्हणून लिही. "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाली, तर कागद पुढे सरकवू नकोस. तिला पाणी दे, पुढची तारीख दे.

तुझी,
ताई