एमएक्सएमएलमधला वेबसर्व्हिस टॅग अॅक्शनस्क्रिप्टमध्ये कसा लिहायचा?

फ्लेक्स या अॅप बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये एमएक्सएमएल ही टॅगांची भाषा आणि अॅक्शनस्क्रिप्ट ही कोडची भाषा, आणि वेबसर्व्हिस टॅग सर्व्हरवरची सेवा बोलावतो. तुम्ही म्हणताय की तो टॅग काढून टाकला, त्याऐवजी स्क्रिप्टमध्ये न्यू वेबसर्व्हिस केलं, डब्ल्यूएसडीएलचा (सेवेत काय काय आहे ते सांगणाऱ्या फाइलचा) पत्ता दिला, ऑपरेशनला (सेवेतल्या एका कामाला) कॉलही केला, पण ना रिझल्ट येतो ना फॉल्ट. बहुतेक ती फाइल वाचणारी लोडडब्ल्यूएसडीएल ही मेथड कॉल करायची राहिलीये. टॅग असला की फ्लेक्स ते काम स्वतःच करतं, पण ऑब्जेक्ट स्क्रिप्टमधून बनवला की पत्ता सेट केल्यावर ती आपणच कॉल करायची, नाहीतर तुमचा कॉल नुसता रांगेत पडून राहतो आणि एररही दिसत नाही, मग माणूस उगाच सर्व्हर तपासत बसतो.

बाकी रूपांतर सरळ आहे. टॅगचा आयडी म्हणजे व्हेरिएबलचं नाव, अॅट्रिब्यूट म्हणजे प्रॉपर्टी. आतला ऑपरेशन टॅग असेल तर गेटऑपरेशनला त्याचं नाव देऊन ऑब्जेक्ट घ्या आणि रिझल्टफॉरमॅट (उत्तर कुठल्या रूपात हवं ते) त्याच्यावरच सेट करा, टॅगमध्ये ई४एक्स (म्हणजे उत्तर एक्सएमएल म्हणून) होतं आणि इथे विसरलात तर एक्सएमएलऐवजी साधे ऑब्जेक्ट येतील आणि पुढचं सगळं पार्सिंग कोलमडेल. रिझल्ट आणि फॉल्ट या अॅट्रिब्यूटच्या जागी अॅडइव्हेंटलिसनर येतं, तिथे फक्त फंक्शनचं नाव द्यायचं, पुढे कंस लावायचा नाही.

खरी काळजी घ्यायची ती महिरपी कंसांची. टॅगमध्ये रिक्वेस्टच्या आत सर्च बॉक्सचं टेक्स्ट महिरपी कंसात लिहिलेलं असतं ना, ते जिवंत बाइंडिंग असतं, बॉक्समध्ये टाइप केलं की रिक्वेस्ट आपोआप बदलते. तेच स्क्रिप्टमध्ये सुरुवातीला एकदा असाइन करून ठेवलं तर कायम रिकामी किंवा जुनीच व्हॅल्यू जाणार! फ्लेक्सच्या बाइंडिंगयुटिल्स या क्लासने ते परत जोडता येतं, पण माझं स्पष्ट मत आहे की बटण दाबल्यावरच व्हॅल्यू वाचा आणि ऑपरेशनला पॅरामीटर म्हणून द्या, सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्यालाही लगेच कळतं की काय गेलं.

आणि हो, कंपायलर स्वतः एमएक्सएमएलचं आधी अॅक्शनस्क्रिप्टच करतो. कीप-जनरेटेड-अॅक्शनस्क्रिप्ट हा कंपायलरचा ऑप्शन चालू करून जुनी टॅगवाली फाइल कंपाइल करा, जनरेटेड फोल्डरमध्ये तो कोड मिळेल, जरा बोजड असतो पण कुठली प्रॉपर्टी सुटली ते लगेच सापडतं.

आधी एकच ऑपरेशन बदलून बघा. अडलंच तर फॉल्ट इव्हेंटमधलं फॉल्टस्ट्रिंग (एररचा मजकूर) काय येतंय ते इथे टाका, बघतो.